बिनपाण्याची आंब

केदारखेड्यात कुणाच्या पोरीच्या तोंडावर मुरमं उठली की तिला साळूबाईच्या ओट्यावर धाडायचं, ही जुनी रीत. पौषात हरभरा घाट्यावर आला की साळूबाई दिवस मावळायच्या आत पिकावर धुतलेलं धोतर पांघरायची आणि तांबडं फुटताच पाल्यावरच्या आंबट दवानं भिजलेलं ते धोतर बाटलीत पिळायची. ही आंब. जिभेला लागली तरी दात आंबावेत, इतकी जहाल. म्हणून एक बोंडलं आंबेत सात बोंडली पाणी. त्यातला थेंब आधी पोरीच्या कोपराच्या लवणीत टाकायचा आणि सुपातले हरभरे निवडून होईस्तोवर तिला बसवून ठेवायचं. चरचरलं तर आणखी पाणी. वीस वर्षांत एका पोरीचं तोंड भाजलं नव्हतं. साळूबाईला त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

शहात्तर साली दवाखान्यात कौसल्या नर्स आली. मुरमांवर ती सॅलिसिलिकचं पांढरं मलम द्यायची. बायकांनी त्याचं 'सालसिली' करून टाकलं आणि पोरी तिकडे वळल्या. साळूबाईच्या पोटात दुखायला एवढं पुरे होतं. त्यात एकदा नर्स वाटेत भेटली आणि आदरानं म्हणाली, "मावशी, तुमची आंब आणि माझं मलम एकाच गोतातलं. दोन्ही आम्लंच."

"आली मोठी गोत सांगणारी!" साळूबाई घरापर्यंत पुटपुटत गेली. नर्सचं ते नितळ तोंडसुद्धा तिला बघवत नसे.

बेबीनंदा साळूबाईच्या धाकट्या दिराची मुलगी. साळूबाईला मूलबाळ नव्हतं, आणि ही पोर आईपेक्षा तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. माघात लग्न ठरलेलं आणि गालांवर मुरमांचं पीक. "मोठीमाय, हळदीच्या आधी साफ होईन ना?" असं रोज विचारायची. आणि एका सकाळी साळूबाईला आरशामागे नर्सची डबी सापडली. अर्धी रिकामी.

गावातली दुसरी कुणी गेली असती तर तिनं नाक मुरडून सोडून दिलं असतं. पण ही! घरातली! साळूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं बाटलीतून वाटीत आंब ओतली. पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही, थेंबही टाकून बघितला नाही.

"ताजी हाये. लाव, जल्दी गुण येतो," ती म्हणाली. कुणाच्या औषधात किती जोर आहे ते एकदा कळू दे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दुपारपर्यंत पोरीचे गाल लालभडक झाले, दुसऱ्या दिवशी सालं निघाली. आईनं तिला दवाखान्यात नेलं. काय लावलंस, असं नर्सनं विचारलं तर बेबीनंदा म्हणाली, "तुमचंच मलम." झालं, गाव नर्सवर तुटून पडलं. नर्सनं मलमाच्या डब्या कपाटात बंद केल्या आणि चौथ्या दिवशी साळूबाईच्या ओट्यावर पुन्हा पोरी दिसू लागल्या. हेच तर तिला हवं होतं. तरी तिची नजर सारखी बेबीनंदाच्या गालांकडे जात होती.

त्या संध्याकाळी बेबीनंदाच्या गालाला साय लावता लावता तिनं विचारलं, "खरं का न्हाई सांगितलंस?"

"तुझं नाव गेलं असतं, मोठीमाय. नर्सबाईचं काय, उद्या बदली होऊन जाईन. तू एक बार पाणी घालायचं इसरलीस, त्याचं काय एवढं?"

साळूबाईला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पोर महिन्याभरात सासरी जाणार, कुणाला कधी कळलंच नसतं.

"इसरले न्हाई," ती म्हणाली. "तुझी ती डबी बघून राग आल्ता. बराबर ध्यानात ठेवून बिनपाण्याची दिली."

बेबीनंदानं तिचा हात आपल्या गालावरून काढला.

"माय," तिनं आत हाक दिली, "तू ये बरं, साय लावून दे."