जावळाआधी

प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने मेंदूबद्दल लिहावं, हा आगाऊपणाच. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. चुकलं तर माफ करा, पण लिहिणार आहे.

माझी पुतणी दीड महिन्याची असताना तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सापडला. डॉक्टर म्हणाले, लगेच इंदूरला न्या, ऑपरेशन करा. माझ्या आत्याने नकारार्थी मान हलवली. आमच्याकडे जावळ काढेपर्यंत मुलाच्या डोक्याला शस्त्र लागत नाही, आणि जावळ वर्ष झाल्यावर, देवाला जाऊन.

“डोळे कुठे पळून चाललेत?” आत्या म्हणाली.

डोळे नव्हते पळत, पण त्याच आठवड्यात मी वर्गात शिकलो होतो: डोळ्यापासून निघालेले मज्जातंतू मेंदूत पोचतात, तिथे ढीगभर जोडण्या होतात, आणि ज्या वापरात येतात त्याच पक्क्या होतात. बाकीच्या मेंदू मोडून टाकतो. उजेडच आत गेला नाही, तर पुढे डोळा साफ करूनही मेंदूला नीट बघता येत नाही.

हे सांगताना माझी जीभ अडखळत होती.

“बड़ा आया सायंटिस्ट!” आत्या म्हणाली. “पास तरी झालास का रे त्या विषयात?”

“परीक्षा व्हायचीय. पण वर्षभर मी थांबू देणार नाही.”

बाबा ओरडले, “मोठ्यांशी असं बोलतात?” दादा खाली बघत होता. मी उठलो नाही.

वहिनीने मलाच विचारलं, “भावजी, त्या जोडण्या नंतर होतच नाहीत?”

“होतात थोड्या. पण ही वेळ परत येत नाही.”

दादा शिवणकाम करतो. वहिनीने त्याची कात्री उचलली, बाळाच्या कपाळावरची बट कापली आणि आत्यासमोर ताटलीत ठेवली.

“झालं जावळ. नानाखेड्याच्या बसस्टँडवरून इंदूरची बस कधी आहे?”

त्या दिवसापासून आत्या माझ्याशी बोलेना. ऑपरेशन झालं, बाळाला इवलासा जाड चष्मा लागला. ती बघते की नाही, कोणीच ठामपणे सांगेना. वर्गात बसलो तरी माझं लक्ष लागत नव्हतं. आपण चुकीचं तर शिकलो नसू?

मग एका दुपारी प्रॅक्टिकल संपताना फोन वाजला. आत्याचा.

“ऐक रे,” ती म्हणाली, “मी मान इकडे केली की ही पोरगी इकडे बघते, तिकडे केली की तिकडे. माझ्या टिकलीवरून नजर हटवत नाहीये.”