शेवटच्या प्रकरणावरची पट्टी

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात डबा उघडत होतो. सकाळी चहा घेता घेता गेले, एवढंच त्याची बायको, शैलावहिनी, म्हणाल्या. मी डबा बंद केला, दुपारची मीटिंग उरकली आणि मगच घाटकोपरला गेलो... हेही लिहायला हवं.

आम्ही पार्ल्याच्या कॉलेजात एका वर्गात होतो. दुपारी तो कॉलेजच्याच लायब्ररीत काउंटरवर काम करायचा. रहस्यकथांचं वेड दोघांनाही. शेवटची पानं आधी चाळायची माझी खोड, म्हणून मला पुस्तक देताना तो शेवटच्या प्रकरणाभोवती कागदाची पट्टी चिकटवायचा. गुन्हेगार कोण ते आधी त्याला सांगायचं, मगच पट्टी फोडायची. चुकलो की आठवडाभर ऐकून घ्यावं लागे. "तू पोलिसात जाऊ नकोस हां, लोकांची वाट लागेल."

शेवटच्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर मी एका संदर्भग्रंथाची अकरा पानं ब्लेडने कापली. ग्रंथ घरी न्यायला मिळत नव्हता आणि बसून उतरवून घ्यायचा मला कंटाळा होता. त्या दुपारी काउंटरवर मिलिंद होता. जाब त्याला विचारला गेला आणि कामावरून त्यालाच काढलं. त्या कामावरच त्याचं शिक्षण चाललं होतं. तो परीक्षेला बसलाच नाही. मी स्टेशनपर्यंत त्याच्यासोबत चालत गेलो, पानं कापणाऱ्याला शिव्याही घातल्या. पुढे तो एका बाइंडिंगच्या कारखान्यात लागला आणि तीस वर्षं लोकांची फाटकी पुस्तकं शिवत राहिला.

गेल्या दिवाळीनंतर त्याने मला नॉर्वेतली एक जाडजूड कादंबरी दिली, स्वतः बांधलेली. बर्फातल्या एका गावात चार जुने मित्र पुन्हा जमतात. तरुणपणी घडलेलं एक मरण त्यांच्यातल्या एकाने लपवलेलं असतं. शेवटी पट्टी होतीच. महिन्याभराने त्याच्या घरी गेलो.

"बोल, कोण?"

"अजून कळलं नाही रे."

"तुला? तुला तर अर्ध्यातच कळायला हवं होतं यार." एवढं बोलून त्याने चहा पुढे सरकवला.

मला अर्ध्यातच कळलं होतं. पण ते नाव घेतलं असतं, तर पाठोपाठ माझंही घ्यावं लागलं असतं. आमची ती शेवटची भेट.

तो गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळे जेवून गेल्यावर, मी वहिनींना त्या अकरा पानांचं सांगितलं. त्या ताटं आवरत होत्या.

"त्यांना ठाऊक होतं, भाऊजी. त्याच आठवड्यात तुमच्या वहीत दिसली होती त्यांना ती पानं."

"मग कधी बोलला का नाही?"

"म्हणायचे, सांगेल तो."

कादंबरी माझ्या टेबलावर आहे. पट्टीच्या कडेला वाळलेल्या खळीत त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला दिसतो. आता फोडा, असं वहिनी म्हणाल्या. पण आधी त्याला सांगायचं, असं ठरलं होतं... पट्टी तशीच आहे.