ज्याचा त्याचा पासवर्ड

मिरजेतल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर सांभाळायला लागले, तेव्हा या गावात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. घर लोणंदला, इथं भाड्याची खोली. कामाची जागा जिन्याखाली. तिथं सर्व्हर आणि मी. रिपोर्ट उघडायला अख्ख्या हॉस्पिटलला एकच पासवर्ड होता. तो मी अधूनमधून बदलायची, मग एकेक जण दारात येऊन विचारायचा. वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर पाटणकडच्या. "आवं म्याडम, परत बदलला व्हय?" म्हणत त्या टेकायच्या, माझ्यातला अर्धा चहा घ्यायच्या. दिवसभरात माझं बोलणं व्हायचं ते एवढंच.

मग एका पेशंटचा रिपोर्ट भलत्याच्याच हाती गेला. कुणी उघडला, ते कळेना. मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं.

"यापुढं ज्याचं त्याचं लॉगिन पाहिजे. नोकरी सोडली की त्याच दिवशी बंद."

सर्व्हरच्या तयार सोयीत हे बसत नव्हतं. कोण कामावर आहे, कुठल्या विभागात आहे, ही माहिती हॉस्पिटलच्या कर्मचारी-नोंदीत होती. सर्व्हरनं दर वेळी तिथं विचारूनच माणसाला आत घ्यावं, असा तपासणीचा भाग मी स्वतः लिहिला. पासवर्ड विसरला तर मोबाइलवर कोड जाईल, तेही केलं.

पहिल्या सकाळी निम्मे लोक बाहेरच! पासवर्ड बरोबर, तरी नकार. शोधता शोधता सापडलं: मोबाइलचा कीबोर्ड लॉगिनच्या नावाच्या शेवटी आपसूक एक मोकळी जागा सोडत होता. ती गाळली आणि सगळं सुरळीत झालं. डॉक्टर म्हणाले, "झकास."

त्यानंतर दारात कुणी आलं नाही.

अम्मीनं फोनवर विचारलं, "काम कसं चाललंय?"

"छान," म्हटलं.

एका दुपारी न राहवून वॉर्डात गेले. सिस्टर औषधं लावत होत्या.

"काय अडलं का, म्याडम?"

"नाही. तुमचं लॉगिन चालतंय ना, बघायला आले."

"लय ब्येस चालतंय! आता तुमच्याकडं यायचं कामच न्हाई उरलं," त्या कौतुकानं म्हणाल्या. तेवढ्यात पलीकडं घंटी वाजली आणि त्या लगबगीनं गेल्या.

मी तिथंच उभी राहिले. जवळच्या खाटेवरच्या म्हातारीनं विचारलं, "कुणाला बघाय आलीस, पोरी?"

तिच्या उशाजवळची पाण्याची बाटली रिकामी होती. ती भरून ठेवली आणि जिना उतरले.