मांडेवाल्या अक्का

आमच्या गल्लीतल्या अक्का लग्नघरी खापरावरचे मांडे करून देतात. संधिवाताने आखडलेली त्यांची बोटं गोळ्यांनी पुन्हा वळायला लागली. पण त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. "ताप आला तर गोळी थांबवा आणि लगेच या," असं धुळ्याच्या डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं होतं. बोलताना अक्का सारख्या मुठी मिटतात, उघडतात. बोटं अजून ऐकतात ना, ते बघतात.

काल लग्नघरी पुरणाच्या परातीशेजारी बसून त्यांनी गोळी गिळली. परात उचलताना माझा हात त्यांच्या मनगटाला लागला. चटकाच बसला.

"अक्का, ताप आहे तुम्हाला!"

"काही नही व माय, चुल्हानी झळ शे ती," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या.

मी चुलीकडे पाहिलं. ती अजून पेटवलीच नव्हती.