मॅडोगचा दुसरा मुलगा

“दावीद कुठे गेला?” मिस्टर प्रिचर्डनी विचारलं.

सिंगापूरला पासिर रिसमधल्या त्यांच्या फ्लॅटवर जेवणाच्या टेबलावर मी नेलेला वंशावळीचा तक्ता पसरला होता. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होता, म्हणून कोपऱ्यांवर चिली सॉसची बाटली, चष्म्याचं घर आणि वाढदिवसाच्या केकचा डबा ठेवला होता. त्यांची मुलगी जेनी हाताची घडी घालून बाजूला उभी होती. मिस्टर प्रिचर्डचं बोट वरून दुसऱ्या ओळीवर थांबलं होतं. तिथे मॅडोग नावाच्या वेल्श सरदाराखाली एकच चौकट होती आणि तिच्यात केनरिग हे नाव होतं.

“मॅडोगला दोन मुलगे होते,” ते म्हणाले. “माझी आजी सांगायची, आपण दावीदचे.”

दावीद कुठे गेला हे मला पक्कं माहीत होतं. मीच त्याला काढलं होतं.

माझं काम वंशावळी शोधण्याचं. सिंगापूरमध्ये बसून कोणी असं काम करतं यावर माझ्या पुण्याच्या नातेवाइकांचा अजून विश्वास नाही. नवरा जहाजावर चीफ इंजिनिअर. त्याच्यामागे मी इथे आले. पुण्यात लायब्ररी सायन्स केलेलं होतं, त्यावर मिस लिम यांच्या छोट्या ऑफिसात चिकटले. आमच्याकडे बहुतेक चिनी घराणी येतात. आजोबा कुठल्या गावातून बोटीत बसले, एवढं त्यांना हवं असतं. वेल्सचं काम माझ्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला डोंगराळ मुलूख. तिथे मध्ययुगात आडनावं नव्हती. माणसाच्या नावापुढे ‘अप’ आणि बापाचं नाव, पुढे पुन्हा ‘अप’ आणि आजोबांचं. अप म्हणजे अमक्याचा मुलगा. ही माळ म्हणता म्हणता सात-आठ पिढ्या मागे जाते. प्रिचर्ड हे आडनावसुद्धा ‘अप रिचर्ड’ आकसून झालेलं आहे. आपल्याकडे बापाचं नाव मधे असतंच. मला वाटलं, हे तर अगदी घरचं काम. तो माझा फाजील आत्मविश्वास होता.

मिस्टर प्रिचर्ड निवृत्त शिप सर्व्हेअर. सर्व्हेअर म्हणजे जहाज समुद्रात जाण्याच्या लायकीचं आहे की नाही ते तपासणारा माणूस. पहिल्या भेटीत त्यांनी सगळं सरळ सांगितलं. बायको वेल्समध्ये होती, ती वारली. एक मुलगा तिकडेच असतो. जेनीची आई इथली, चिनी. तिच्याशी त्यांनी लग्न केलं नव्हतं. तीही आता नाही. जेनी शाळेत असताना ते तिला कधीमधी भेटायचे. ‘माझी मुलगी’ असं चारचौघांत म्हणायला मात्र त्यांनी फार वर्षं लावली. आता ते जेनीकडेच राहतात, तीच त्यांचं सगळं बघते.

“ऐंशीव्या वाढदिवसाला मला हा तक्ता हवाय,” ते म्हणाले. “वर मॅडोग, सगळ्यात खाली जेनी. पण ती नाव घालू देत नाही. म्हणते, मी तुमच्या घरातली नाही. तिने एकदा ‘घाला’ म्हणावं, एवढंच माझं काम आहे.”

“तिने ‘घाला’ म्हणावं असं मी काय करणार?” मी विचारलं.

“तुम्ही शोधा. मला काय सापडायला हवंय ते मी सांगणार नाही. सर्व्हे असाच करतात.”

मी शोधायला लागले. वेल्समधल्या दफ्तरखान्यांना ईमेल केले, स्कॅन मागवले, लॅटिन वाचणाऱ्या एका बाईंची मदत घेतली. वेल्श वंशावळी आधी तोंडपाठ असायच्या आणि मग कोणीतरी उतरवून घेतल्या. त्यावरून पुढच्या लोकांनी नकला केल्या. नकला एकमेकींशी जुळत नाहीत. जुळवणं हाच आमचा धंदा.

इथे तीन नकला होत्या. सगळ्यात अलीकडच्या नकलेत प्रिचर्डांचा वंश केनरिगपासून निघत होता. केनरिग मॅडोगच्या लग्नाच्या बायकोचा मुलगा. दोन जुन्या नकलांत मात्र तो दावीदपासून होता. दावीदच्या आईच्या जागी ‘गिरणीवाल्याची मुलगी’ एवढंच होतं. ती मॅडोगची बायको नव्हती. शिवाय जमिनीच्या वाटणीत दोघा भावांना सारखा हिस्सा मिळालेला दिसत होता, आणि प्रिचर्ड मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ज्या शेतावर राहिली ते दावीदच्या वाट्यातलं होतं. आमच्या धंद्यात याला भक्कम पुरावा म्हणतात. प्रिचर्ड दावीदचेच होते.

ते वाचलं आणि माझे कान गरम झाले. पहिला विचार जेनीचा आला. तिच्या वडिलांच्या वाढदिवसाच्या टेबलावर, सगळ्यात वर, लग्नाबाहेरचा मुलगा? जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल. कोणाला कळू नये अशी गोष्ट आपल्या हाती लागली आहे, असंच मला वाटलं.

याचं मूळ पुण्यात आहे. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघाला तेव्हा मी त्या समितीत काम केलं होतं. तिथे अडचणीचं माणूस आलं की कोणी आवाज चढवत नसे. एखाद्या काकांचं दुसरं घर असलं, त्या घरात मूल असलं, की एक वाक्य ठरलेलं होतं, ‘पुढील माहिती उपलब्ध नाही’. माहिती त्याच खोलीत चहा पीत बसलेली असायची. खोटं कोणी लिहीत नसे, खरंही कोणी लिहीत नसे. या पद्धतीला आम्ही सभ्यपणा म्हणायचो. तोच सभ्यपणा मी वेल्सला लावला. दावीदला गाळलं, केनरिगची रेघ खाली ओढली आणि प्रिचर्डांना जोडून टाकली.

मिस लिम तक्ता तपासायला बसल्या. त्या कमी बोलतात.

“दोन लाइन्स आहेत. ही का घेतली?”

“ही जास्त सेफ आहे.”

“सेफ फॉर हू?”

पेन उघडत त्या म्हणाल्या, “क्लायंट तुझा आहे.” सही केली. त्या वेळी मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकते.

नवरा तेव्हा सुट्टीवर घरी होता. पुंगोलला आमच्या फ्लॅटमध्ये पोहे खाता खाता मी त्याला सगळं सांगितलं.

“मग तू चुकीचं लिहिलंस,” तो म्हणाला.

“चुकीचं नाही रे. एका नकलेत तसंच आहे.”

“पण तुला माहितीये ते खरं नाही.”

“तिला वाईट वाटलं असतं.”

“तिला विचारलंस का?”

“असं कसं विचारणार कोणाला?”

“मग तुला कसं कळलं वाईट वाटलं असतं?” असं म्हणून त्याने लिंबू पिळलं. मला राग आला. जहाजावरच्या माणसाला घरच्या गोष्टी कळत नाहीत, असं मी मनात म्हणून टाकलं.

तर त्या टेबलापाशी परत येते. मिस्टर प्रिचर्डचं बोट अजून हललं नव्हतं.

“दावीदची माहिती नीट मिळाली नाही,” मी म्हणाले. ठरलेलं वाक्य किती सहज तोंडातून निघालं!

“कागद नाहीत?” त्यांनी विचारलं. “की कागद आहेत आणि तुम्हाला पटत नाहीत?”

आयुष्यभर गंज शोधलेला माणूस. नवा रंग दिसला की तो आधी तिथेच टोकरतो. मी जेनीकडे बघितलं आणि चूक केली, कारण तिने ते बघणं बरोबर पकडलं.

“मिस्टर प्रिचर्ड, आपण जरा बाहेर बोलू या का?”

“व्हाय आउटसाइड?” जेनी म्हणाली. “बिकॉज ऑफ मी, इज इट?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “दावीद लग्नातला मुलगा नव्हता,” मी म्हणाले. “आज तुमच्यासमोर ते नको, असं मला वाटलं.”

“सो यू कट हिम.”

“तुम्हाला लागू नये म्हणून.”

“यू शाय फॉर मी, आह?” ती आवाज न चढवता म्हणाली. “हू आस्क यू?”

माझ्या वतीने लाजायला तुला कोणी सांगितलं, असं ती विचारत होती. तिला मी आजवर दोनदा भेटले होते. तिने स्वतःबद्दल कधी मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती. तिची मान मीच माझ्या मनात खाली घालून ठेवली होती. त्या खुर्चीवर मला इतकी लाज वाटली की केकच्या डब्यावरची अक्षरं मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

मिस्टर प्रिचर्ड चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. “आता सांगा,” ते म्हणाले. “सगळं सांगा.”

मी बॅगेतून स्कॅन काढले आणि सांगायला लागले. दोन जुन्या नकला, गिरणीवाल्याची मुलगी, जमिनीचे दोन सारखे हिस्से. मग मी जुन्या वेल्श कायद्यावर आले. मूल लग्नातलं की बाहेरचं, हे तो कायदा बघत नसे. बापाने त्याला आपलं म्हटलं की नाही, एवढंच बघत असे. बापाने चर्चमध्ये जायचं, वेदीवर हात ठेवायचा आणि लोकांसमोर सांगायचं, हे माझं मूल. मग ते मूल बाकीच्या मुलांइतकंच मूल. पुढे इंग्रजांचं राज्य आलं आणि त्यांनी ही चाल बंद केली.

“म्हणजे मॅडोगने हात ठेवला,” मिस्टर प्रिचर्ड म्हणाले.

“ठेवलाच असणार. नाहीतर सारखा हिस्सा मिळाला नसता.”

“मग तिसऱ्या नकलेत केनरिग कसा आला?” जेनीने विचारलं.

“ती नक्कल फार नंतरची आहे. नक्कल करणाऱ्याला…” मी अडखळले. हे वाक्य कुठे जातंय ते मला दिसत होतं, पण आता थांबता येत नव्हतं. “त्याला बहुतेक दावीदची लाज वाटली असावी.”

“सेम लाइक यू,” जेनी म्हणाली.

“हो,” मी म्हणाले.

जेनीने हाताची घडी सोडली आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून टेबलाशी बसली. स्कॅन जवळ घेतला. तिला ती लिपी वाचता येत नव्हती, तरी तिने बराच वेळ बघितला.

“त्याच्या आईचं नाव काय?”

“गिरणीवाल्याची मुलगी. एवढंच लिहिलंय.”

“नो नेम?”

“नाही.”

मी उठले. नवीन तक्ता आठवड्याभरात आणून देते, असं काहीतरी पुटपुटले आणि बॅग उचलली. मला तिथून फक्त निघायचं होतं. मिस्टर प्रिचर्डनी सॉसची बाटली बाजूला सरकवली. तक्त्याचा कोपरा गुंडाळत वर आला, पण तिकडे कोणी बघितलं नाही. त्यांनी उजव्या हाताचा पंजा टेबलावर सपाट ठेवला.

“बसा,” ते मला म्हणाले. “लोकांसमोर म्हणायचं ना? इथे तुम्हीच आहात.”

मी बसले. ज्या बाईने हे झाकायचा प्रयत्न केला तीच साक्षीला होती.

“ही जेनी. ही माझी मुलगी,” ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात, जहाजाचं नाव सांगावं तसं.

जेनी खिडकीकडे बघत होती. “सो लेट, पा,” ती म्हणाली. “सो लेट, ला.” मग तिने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. माझे डोळे भरून आले, पण रडायचा हक्क मला नव्हता.

जरा वेळाने तिने माझा तक्ता गुंडाळून माझ्या हातात दिला. “यावर नाही,” ती म्हणाली. “बरोबर करून आणा, मग माझं नाव घाला. माझ्या आईचंही. आणि दावीदच्या आईची चौकट रिकामी ठेवा. रेघ बंद करू नका.”

ऑफिसात मिस लिमनी नवा तक्ता पाहिला. रिकाम्या चौकटीवर त्यांची पेन्सिल थांबली. “ही प्रिंटिंगची मिस्टेक आहे?”

“नाही. ती बाई आहे.”

त्यांनी मान हलवली आणि सही केली. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

तक्ता आता पासिर रिसला त्यांच्या भिंतीवर लागला आहे. खाली जेनी आणि शेजारी चिनी अक्षरांत तिच्या आईचं नाव. वाढदिवस हुकला, पण त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. या प्रकरणातून मी एक साधा नियम घेतला. वंशशोधकाने माणसं शोधावीत, त्यांच्या वतीने लाजू नये. ज्याची त्याची लाज ज्याला त्याला ठरवू द्यावी, आणि पुष्कळदा ती तिथे नसतेच.

आमच्या तक्त्यांवर अगदी तळाला, बारीक अक्षरांत, करणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. या तक्त्यावर ते नको, असं मी जेनीला म्हणाले होते. तिने ऐकलं नाही. “नो नीड टू हाइड, ला,” ती म्हणाली. मिस्टर प्रिचर्डना भेटायला मी अधूनमधून तिथे जाते. चहा पिताना नजर त्या भिंतीकडे जाते, तळाशी माझं नाव दिसतं, आणि माझे कान अजून गरम होतात.