यादीतला तो हा नव्हे

बुधवार पेठेतल्या आमच्या बँकेच्या शाखेत मी आधी खाती उघडायच्या टेबलावर होते, आता नियमपालनाचं काम बघते. सरकारने निर्बंध घातलेल्या माणसांची यादी येते. आमच्या खातेदारांत त्यातलं कुणी नाही ना, हे तपासायचं. नाव जुळलं की खातं गोठवायचं आणि वर कळवायचं. लोकांना हे कारकुनी वाटतं. वाटू दे. भलत्याच्या हाती पैसा जाऊ नये म्हणून कुणीतरी दारात उभं राहावं लागतं, आणि तिथे मी उभी आहे याचा मला अभिमान आहे.

गेल्या वर्षी नव्या यादीतलं एक नाव फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका येमेनी विद्यार्थ्याशी जुळलं. खातं गोठलं, आणि परीक्षेची फी भरायला आठच दिवस उरलेले. काउंटरसमोर उभा राहून तो एवढंच म्हणाला, "मॅडम, मी तो नाही."

"सगळे तेच म्हणतात," तो गेल्यावर आमचे साहेब म्हणाले. "कशाला डोक्याला ताप? जुळलं म्हणून कळवा आणि मोकळ्या व्हा."

असं मोकळं होणं मला जमत नाही. यादीत जन्मतारीख नव्हती, सगळं नावावरच अडलं होतं. मी पासपोर्टची प्रत काढली. त्यावर नावं चार: त्याचं, वडिलांचं, आजोबांचं आणि शेवटी घराण्याचं. आमच्या फॉर्मात रकाने तीन. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, झालं! फॉर्म भरणाऱ्याने बिनदिक्कत आजोबांना आडनाव करून घराणं गाळून टाकलं होतं. यादीतल्या माणसाची पहिली तीन नावं हीच होती, चौथं मात्र वेगळं. मग फॉर्मावरचं अक्षर पाहिलं. ते माझंच होतं.

माझी बढतीची मुलाखत पंधरवड्यावर आली होती. 'खातेदाराने अपुरी माहिती दिली' असं लिहिलं असतं, तर कुणी विचारलंही नसतं. पण मग संशय त्याच्यावर राहिला असता. सरकारकडे जायच्या अहवालात मी लिहिलं: पूर्ण नाव पासपोर्टवर होतं, ते अर्धवट भरलं मी.

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय!"

"पाय माझाच आहे ना? आपण सही करा."

सातव्या दिवशी खातं मोकळं करायचा आदेश आला. त्याला बोलावून मी माझी चूक सांगितली, माफी मागितली. फी वेळेत भरली गेली.

पुढे मुख्य कार्यालयातून तपासणीला आलेल्या बाईंनी ती फाइल सावकाश वाचली. "ही चूक कुणाची?"

"माझी."

"शोधली कुणी?"

"मीच."

त्यांनी परदेशी खातेदारांचे सगळे फॉर्म मागवले. आणखी चार तसेच निघाले, त्यातले दोन साहेबांच्या अक्षरातले. बढती मात्र माझी हुकली. वाईट वाटलं.

निकाल लागल्यावर तो पेढे घेऊन आला. म्हणाला, "आईला फोनवर सांगितलं, मॅडमने स्वतःची चूक लिहून दिली. तिला खरं वाटत नाही. विचारते, सरकारला लिहून दिली?"

"हो म्हणून सांग," मी म्हटलं. "सहीनिशी."