‘हे’ म्हणजे कोण

कार्ड बार्शीटाकळीहून आलं. ‘किसनबाबांनी बुधवारी देह ठेवला.’ मी नुकताच शाळेतून येऊन पायरीवर बसलो होतो, जोडे अजून पायातच होते. देह ठेवला म्हणे... ठेवला खरा, आणि तो धुवायला, त्याच्याजवळ बसून राहायला माझी आंधळी बहीण मागे ठेवली. खाली शिष्यांनी आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या : मळ्यात समाधी बांधायची आहे, मास्तर, तुम्ही बाबांचे साळे, तुमचा हात लिहिता, रविवारच्या पुरवणीत चार चांगले शब्द लिहा. त्याला महिना झाला. लिहायला बसलो आहे. शब्द चांगले निघतील याचा भरवसा मात्र मी कुणाला दिलेला नाही.

किसनभाऊजी मूळचे वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणी बोलता येईल. माळ्याचं घर, विहिरीवर मोट, वांगी, मेथी, बांधाच्या कडेने झेंडू. अकोल्याच्या बाजारात त्यांच्या वांग्यांसाठी गिऱ्हाईक थांबून राही. माझ्या पारूताईला ते कधी उणा शब्द बोलले नाहीत. मग एका उन्हाळ्यात कुठला तरी फिरस्ता बुवा मळ्यातल्या निंबाखाली पंधरा दिवस राहिला. रोज ताईच्या हातची भाकर आणि भरीत खाल्लं, आणि जाताना भाऊजींना सांगून गेला की जग हा भास आहे. भरीतही भासच होतं का, हे काही त्याने सांगितलं नाही.

त्या दिवशी भाऊजी मोट अर्धी सोडून घरात आले आणि म्हणाले, “हे जागं झालं.”

ताई चुलीपुढे बसली होती. तिने मान वर न करता उत्तर दिलं, “हे तं पायटीच, कोंबड्यासंगच जागे झाले होते.”

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तिच्या तोंडी तो ‘हे’. आणि भाऊजींनी त्या दिवसापासून ‘मी’ टाकून दिला. करणारा कोणी नाहीच, तेव्हा मी कसला? असतं ते नुसतं शरीर, ‘हे’. हे जेवलं, हे निजलं, याले तहान लागली. नवरा स्वतःला हे म्हणे, बायको नवऱ्याला हे म्हणे. गावाने वर्षभर हसून घेतलं. मग त्या हसणाऱ्यांतलेच दहा-बारा जण ओसरीवर मांडी घालून बसू लागले आणि घरी जाऊन स्वतःला ‘हे’ म्हणू लागले. मळ्यात गवत माजलं. ताई एकटी गवत निंदत होती, एकटी टोपलं घेऊन बाजारात बसत होती. मास्तरला वेदान्त कळत नाही, असं शिष्य माझ्याबद्दल म्हणत. कळत नसेल. पण एक मी पाहिलं आहे, की भाऊजींचा चहा निवला तर तो भास नसे, तो ताईला पुन्हा करावा लागे.

पुढे ताईला दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, कपाळ ठणकू लागलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, आठ दिवसांत ऑपरेशन करून घ्या, एकदा गेलेली नजर परत येत नाही. घरी विचारून येते म्हणून ती परत गेली. सहाव्या दिवशी मी बैलांची दमणी जुंपून तिला आणायला गेलो. भाऊजी ओसरीवर, पुढ्यात शिष्य.

“भाऊजी, ताईले घेऊन जातो. तुमीबी चला,” मी म्हणालो.

ते हसले. ते हसू मी विसरलेलो नाही. “मास्तर, जे दिसते ते खोटं. मंग दिसलं काय अन् नाही दिसलं काय?”

“तिले इचारा ना मंग.”

“कोनाले इचारू? तिथं कोनी नाही.”

तिथं कोणी नाही! आत माझी बहीण कपाळाला फडकं बांधून बसली होती. मी तोंडाला येईल ते बोललो, शिष्यांदेखत बोललो, आणि त्याचा मला पस्तावा नाही. अंगणात येऊन कासरा हातात घेतला आणि ओरडलो, “ताई, येते का नाही?”

आतून तिचा आवाज आला, “हे येत नाही.”

माझ्या अंगाची लाही झाली. म्हणजे हिनेही ‘मी’ टाकला... हिलाही ती भाषा लागली! मी बैल हाकलले, मागे वळून पाहिलं नाही. चार महिने त्या घराकडे फिरकलो नाही. फिरकलो तेव्हा ताईने माझा चेहरा हातांनी चाचपून ओळखला.

त्यानंतर नऊ वर्षं मी त्या माणसाशी बोललो नाही. दर्शनाला येणाऱ्यांना ताई अंदाजाने पाणी देई, आणि लोक म्हणत, माउलीची दृष्टी आत वळली. आत वळली नव्हती, गेली होती. शेवटच्या दुखण्यात पोटातून कळा येऊ लागल्या तेव्हा भाऊजी ‘याले दुखते’ म्हणत नव्हते, ‘मले, मले’ म्हणत होते, असं ताईने सांगितलं. ऐकून मला बरं वाटलं. असं लिहायची लाज वाटायला हवी, वाटत नाही.

एवढं लिहून झालं आणि गेल्या रविवारी ते ताईला वाचून दाखवायला गेलो. ती मेथी निवडत होती. ‘हे येत नाही’ वाचलं तेव्हा तिची बोटं थांबली.

“असं काहून लिहिलं रे भाऊ? ते म्या माह्यासाठी नव्हतं म्हटलं.”

“मंग कोनासाठी?”

“तुनं त्यायले म्हटलं होतं ना, तुमीबी चला. म्या त्यायचं सांगतलं. हे येत नाही, आपुन दोघंच जाऊ, असं. गाठोडं बांधून तयार होती मी. दारात आली तं दमणी चिंचेपाशी वळली होती. लय हाका मारल्या. धूळ दिसत होती मले... तवा दिसत होतं.”

मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?

“तुले ठावं आहे, असंच वाटलं मले. चार दिस गाठोडं सोडलं नाही म्या. वाटलं, राग निवला का येशीन.”

आणि ती पुन्हा मेथी निवडू लागली. वरचा एकही शब्द मी मागे घेत नाही. भाऊजींना मी माफ केलेलं नाही. ताईने आम्हा दोघांपैकी कुणाला केलं आहे, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.